थंड पाण्यातला रंग

बोडिल स्कोमानचं काम सगळ्यांत शेवटी येतं. सर्जनचं कापणं-शिवणं झालेलं असतं, टाके विरलेले असतात, सूज उतरलेली असते, नातेवाइकांनी फुलं आणून ‘सुटलीस एकदाची’ म्हणून झालेलं असतं. त्यानंतर चार-सहा महिन्यांनी बाई क्लिनिकचा जिना चढून बोडिलच्या खोलीत येते. कॅन्सरने नेलेल्या स्तनाच्या जागी नवा उंचवटा असतो. आकाराने चोख, पण कोरा. ना बोंड, ना त्याच्याभोवतीचं वर्तुळ. बोडिल ते गोंदते. सुईने आणि रंगाने ते असं उठवते, की हात लावून बघेपर्यंत ते सपाट आहे हे कळू नये.

स्वेनबोर्गच्या बंदरावर, जुन्या धान्यकोठाराच्या दुसऱ्या मजल्यावर हे खासगी क्लिनिक आहे. तिथलं बहुतेक गिऱ्हाईक ओघळलेल्या पापण्या उचलून घ्यायला नाहीतर सुटलेलं पोट आत घ्यायला येतं. डॉक्टर आस्गर स्वतःच म्हणतो, “पापण्या मला पोट भरायला देतात, आणि स्तन मला रात्रीची झोप देतात.”

“मला पाठदुखी देतात,” बोडिल म्हणते.

बोडिल बासष्ट वर्षांची. उंच, थोडी पोक आलेली, चष्मा दोरीने गळ्यात. ती डॉक्टर नाही, नर्सही नाही. सतराव्या वर्षी ती चिनीमातीच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली, आणि पुढची सव्वीस वर्षं तिने बशांवर निळी फुलं काढली. पहिली चार वर्षं तर नुसत्या पाकळ्या. पाकळी जमली की देठ, देठ जमला की पान. त्या कामातली गंमत अशी, की जो रंग तुम्ही लावता तो तुम्हाला हवा असलेला रंग नसतोच. ब्रशमध्ये तो मळकट राखाडी असतो. निळा व्हायचा तो भट्टीतून निघाल्यावर. म्हणजे डोळ्यांना दिसतं ते काढायचं नाही, पुढे दिसणार आहे ते काढायचं. मग एक दिवस कारखान्याचं चित्रकाम दूर आशियात गेलं, आणि बोडिल एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काळ्या पावावर कलेजीचा लेप लावायला लागली.

क्लिनिकमध्ये ती आली ती बहिणीची सोबत म्हणून. बहिणीचं, विबेकेचं, नुकतंच गोंदून झालं होतं. तेव्हा ते काम तिथली नर्स करायची. एकच तयार गुलाबी रंग, एकच छाप, सगळ्या बायकांना. विबेकेने आरशासमोर उभं राहून विचारलं, “कसं दिसतंय गं?”

बोडिलच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, “पावावरून सलामी सॉसेजची चकती घसरून पडल्यासारखं.”

नर्स लाल झाली. दारात आस्गर उभा होता, तोही लाल झाला. “मग तू काढून दाखव,” तो म्हणाला.

तो टोमणा होता. बोडिलला ती नेमणूक वाटली. तिने कागद मागितला, विबेकेचा दुसरा स्तन समोर ठेवून शिसपेनने पंधरा मिनिटांत चित्र काढलं आणि आस्गरच्या हातात दिलं. आस्गरने तो कागद बराच वेळ धरून ठेवला. तीन महिन्यांनी तिला शिकायला पाठवलं, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली.

तिची कामाची रीत तिची स्वतःची आहे. ती बाईला कधी आडवं झोपवून आखणी करत नाही. “झोपून कोण आरशात बघतं?” बाई उभी राहते, हात वर करते, खाली घेते, रोजची ब्रेसियर घालते, काढते, आणि मगच बोडिल पेनाने खूण करते. रंग ती एका पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर कालवते, खऱ्या स्तनाशेजारी धरून बघते आणि जुळलेल्या रंगापेक्षा दोन छटा गडद घेते, कारण सहा आठवड्यांत कातडी त्यातला बराच रंग खाऊन टाकते. काम संपलं की ती ‘छान झालंय’ असं कधी म्हणत नाही. आरसा बाईच्या हातात देते, खोलीबाहेर जाते आणि दार ओढून घेते. आत हसू येवो, रडू येवो, ते त्या बाईचं. आतून हाक आली की मगच परत.

आणि खोली उबदार ठेवते. या एका गोष्टीत ती कुणाचं ऐकत नाही. बाया तास-दीड तास उघड्या बसणार, काकडायला नकोत, म्हणून तिने घरून एक जास्तीचा हीटर आणून ठेवला होता. बाहेर खाडीवर बर्फ असो, बोडिलच्या खोलीत चोवीस अंश.

तिची चूक झाली ती याच मायेपोटी.

मेरेटे हूस तिच्याकडे ऑक्टोबरात आली होती. चोपन्न वर्षांची, बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटीची चालक. रुंद खांदे, तांबूस केस, बोलणं थोडं आणि मोठ्याने. डावा स्तन दोन वर्षांपूर्वी गेलेला, आस्गरने नवा केलेला. काम सरळ होतं. उजव्याचा रंग फिकट गुलाबी, कडा विरघळलेली. बोडिलने तो असा जुळवला, की सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत आस्गरने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

डिसेंबरात मेरेटे वेळ न ठरवता आली. बोटीवरून थेट, अंगावर कंपनीचं जाकीट, केसांत मीठ. खुर्चीत बसली आणि टोपी मांडीवर ठेवून त्या टोपीकडेच बघत राहिली.

“काय झालं? सुजलंय? लाल झालंय?” बोडिलने विचारलं.

“नाही, चांगलं आहे. इथे, या खोलीत अगदी चांगलं आहे.”

“मग कुठे चांगलं नाही?”

मेरेटेने सांगितलं. ती गावातल्या हिवाळी पोहण्याच्या मंडळाची नऊ वर्षं अध्यक्ष. बंदरापलीकडे त्यांचा लाकडी धक्का, धक्क्यावर बाफघर, तापलेल्या दगडांच्या वाफेची खोली. सकाळी सात वाजता बायका येतात, कपडे खुंटीला लावतात, चार अंशांच्या पाण्यात बुडी मारतात आणि कुडकुडत बाफघरात बाकावर बसतात. सगळ्या उघड्या, तिथे पोहण्याचा पोशाख घालून येणाऱ्या बाईकडेच लोक वळून बघतात. दोन वर्षं मेरेटे खांदा दुखतो म्हणून टाळत होती. बोडिलचं काम झालं, जखम भरली, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती गेली.

“कपडे काढले, कुणी बघितलं नाही. पाण्यात उतरले. शिडी चढून वर येतेय, तर समोर युट्टे उभी. म्हणते, ‘अगं मेरेटे, तुझी डावी बाजू मायोर्काच्या उन्हातून आली वाटतं?’”

बोडिलला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिने चष्मा काढून हातात घेतला. थंड पाण्यात खरं बोंड आकसतं, त्याचं वर्तुळ निम्मं होतं आणि गडद होतं. गोंदलेलं बोंड आकसत नाही. त्या शिडीवर मेरेटेची उजवी बाजू भर हिवाळ्यात होती आणि डावी भर उन्हाळ्यात.

“तू काय केलंस?”

“हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. मग गाडीत जाऊन बसले आणि वीस मिनिटं किल्ली फिरवता आली नाही.” मेरेटेने टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. “राजीनामा लिहिलाय. मार्चमध्ये वार्षिक सभा असते, तेव्हा देईन. खांद्याचं कारण आहेच.”

“खांदा दुखतो तुझा?”

“कुठे दुखतो!” मेरेटे जवळजवळ ओरडली. “मला सुंदर व्हायचं नव्हतं, बोडिल. त्या बाकावर बारा जणी बसतात. मला त्यांतली एक व्हायचं होतं. बस, एवढंच.”

बोडिलने चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाली, “चूक माझी आहे. मी तुला उबेत बसवून रंग जुळवला. तू राहतेस थंडीत, आणि मी ते विचारलंच नाही.”

आस्गरला हे पटलं नाही. त्याने संगणकावर फोटो उघडले. “बघ, दोन्हींत फरक दाखव. गोंदण थंडीत बदलत नाही हे आपण आधी सांगतो. तिने कागदावर सहीसुद्धा केली आहे.”

“सही तिने केली. रंग मी भरला.”

“अगं, पण तू काय करणार? शाई गारठणार आहे का?”

“अजून माहीत नाही,” बोडिल म्हणाली. “आधी बघायला तर पाहिजे.”

जानेवारीतल्या एका सकाळी ती धक्क्यावर गेली; लोकरी टोपी, जाड कोट, खिशात फरशीचा तुकडा आणि रंगाच्या सहा बाटल्या. मेरेटे तिला घ्यायला दारात थांबली होती, पण त्या दोघींच्या आणि धक्क्याच्या मध्ये युट्टे उभी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेली, अंगावर पायांतल्या लाकडी खडावांखेरीज काही नाही.

“कोटवाल्यांना पुढे प्रवेश नाही,” युट्टे म्हणाली.

“मी पोहायला नाही आले. मला फक्त बघायचं आहे.”

“तेच तर! नुसतं बघायला आलेल्यांसाठीच केलाय हा नियम.”

“युट्टे, ही माझी पाहुणी आहे,” मेरेटे म्हणाली.

“मग पाहुणीला खुंटी दाखव. अध्यक्षबाईंनीच नियम लिहिलाय, माझ्यावर कशाला डोळे काढतेस?”

बोडिल पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातली. तिथे रविवारी पत्ते खेळणं पाप होतं आणि बायका झोपायचा झगा डोक्यावरून घालून त्याच्या आत कपडे बदलत. अकरा वर्षांत तिने हजारभर बायकांच्या उघड्या छातीकडे नाक लावून बघितलं होतं. तिच्याकडे मात्र नवरा गेल्यापासून कुणी बघितलं नव्हतं, आणि नवऱ्यानेही दिवा मालवूनच. ती खुंटीसमोर उभी राहिली. एकदा तिच्या मनात आलं की मेरेटेला फोटो काढून आणायला सांगावं. मग आठवलं, आपण मेरेटेला ‘हात वर कर, खाली घे, वळ’ असं किती सहज म्हणालो होतो. तिने कोट काढला, मग एकेक करून बाकीचं. शेवटी गळ्यात दोरीने चष्मा आणि हातात फरशी नि बाटल्या, एवढाच पोशाख राहिला.

“चष्म्याला चालेल,” युट्टे म्हणाली. “पण आधी बुडी. त्याशिवाय बाफघरात बसता येत नाही.”

“हासुद्धा नियम आहे?”

“हा माझा नियम आहे.”

बोडिलने हातातलं सगळं आणि चष्मा मेरेटेकडे दिला आणि शिडी उतरली. पाण्यात तिने देवाचं नाव घेतलं की आणखी कशाचं, ते तिलाच ठाऊक. वर उभ्या असलेल्या बायका म्हणतात की पलीकडच्या तीरावर ऐकू गेलं. ती वर आली तेव्हा दात वाजत होते. तिने चष्मा लावला आणि सवयीने आधी खाली, स्वतःकडे बघितलं. आलुबुखाऱ्यासारखी गडद, आवळलेली बोंडं. बासष्ट वर्षांत तिने ती अशी कधी बघितलीच नव्हती.

“आता तू जा,” ती मेरेटेला म्हणाली. “आणि वर आलीस की हलू नकोस.”

मेरेटे पाण्यातून वर आली, आणि त्या करड्या उजेडात बोडिलने तिला पाच मिनिटं उभं करून ठेवलं. मग बाफघरात, पिवळ्या दिव्याखाली, पुन्हा. मग पुन्हा पाणी, पुन्हा बाहेर. चष्म्यावर वाफ धरायची, तो पुसायला अंगावर कापड नाही, म्हणून ती युट्टेचा टॉवेल मागायची. फरशीवर रंगाचे ठिपके वाढत गेले. बाकावरच्या बायकांना राहवेना.

“कारखान्याची तपासणी चाललीय का?”

“मलाही शिक्का मारून दे गं, पास की नापास.”

युट्टे उठून बोडिलसमोर उभी राहिली. “माझी बघ. एक पूर्वेकडे बघतं, एक पश्चिमेकडे. पन्नास वर्षं झाली. कुणी काही म्हणतं?” ती बोलत होती बोडिलशी, पण बघत होती मेरेटेकडे. तिच्या परीने ती माफीच मागत होती.

मेरेटे म्हणाली, “तुझी तुला देवाने दिली, युट्टे. ही मी मागून घेतली आहे. मागून घेतलेली वस्तू फसली की जास्त लागतं.”

युट्टेने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, आणि सगळ्या थोडा वेळ वाफेत दिसेनाशा झाल्या.

बोडिलला जे हवं होतं ते तिसऱ्या खेपेला सापडलं. थंड पाण्यातून आल्यावर नुसतं बोंड बदलत नाही, सगळी कातडी उकडलेल्या खेकड्यासारखी लाल होते. तेव्हा वर्तुळाची बाहेरची फिकट कडा त्या लालीत बुडून जाते. बाफघरात पिवळ्या उजेडात ती कडा परत दिसते, आणि आतला गडद भाग मात्र मऊ होतो. म्हणजे एकाच जागी दोन वर्तुळं काढायची: आत लहान, थंडीतलं, करड्या-जांभळ्या छटेचं, बाहेर मोठं, उबेतलं, जेमतेम दिसेल इतकं पुसट. उजेड आणि कातडी मिळून त्यांतलं एक पुढे आणतील, एक मागे सारतील.

“पाऊण जुळेल,” तिने मेरेटेला सांगितलं. “पूर्ण जुळेल असं मी म्हणणार नाही. आणि गोंदून झाल्यावर सहा आठवडे पाण्यात पाय टाकायचा नाही.”

“पाऊण चालेल,” मेरेटे म्हणाली.

दुसरी बैठक अशी झाली की क्लिनिकमध्ये अजून तिची गोष्ट सांगतात. बोडिलने हीटर बंद केला, खिडकी सताड उघडली आणि कोट घालून कामाला बसली. मेरेटेने उजव्या बाजूला बर्फाची पिशवी धरली. अर्धा तास असं. मग खिडकी बंद, हीटर सुरू, गरम कॉफी, अर्धा तास तसं. पापण्यांसाठी आलेली एक बाई चुकून दार उघडून आत डोकावली आणि तशीच परत गेली. आस्गर येऊन म्हणाला, “इथे काय मासे टिकवताय?”

“दार लाव,” दोघी एकदम म्हणाल्या.

काम संपायला चार तास लागले. बोडिलची बोटं इतकी गारठली होती, की तिने दोनदा थांबून ती काखेत धरली, पण एक रेघ हलू दिली नाही. मग तिने आरसा मेरेटेच्या हातात दिला आणि बाहेर जायला निघाली.

“थांब ना,” मेरेटे म्हणाली.

“नको. आत्ता बघितलंस तर ते काळंच दिसेल. तुला धीर देईन, तू विश्वास ठेवशील, आणि त्याचा काही उपयोग नाही. मार्चमध्ये शिडीवर बघ.”

ते सहा आठवडे बोडिलला जड गेले. दुपारी पाव खाताना खिडकीतून फेरीबोट दिसली की तिचा घास रेंगाळायचा. एकदा आस्गरने विचारलं, “नाहीच जमलं तर?” ती म्हणाली, “तर तिला तोंडावर सांगेन की नाही जमलं. आणि तिसऱ्यांदा बसेन.” आस्गर नंतर नर्सला म्हणाला की पंचवीस वर्षांत आपण किती पेशंटना ‘नाही जमलं’ असं तोंडावर सांगितलं, ते मोजायला एका हाताची बोटंही लागणार नाहीत.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी बोडिल पुन्हा खुंटीसमोर उभी होती. यावेळी कपडे काढायला तिला निम्माच वेळ लागला. मेरेटे पाण्यात उतरली, दहा हात मारले आणि शिडीपाशी आली. धक्क्यावर सात-आठ जणी होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच सगळ्या खाडीकडे, बगळ्यांकडे, स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. फक्त युट्टे सरळ बघत होती. तिला दुसरं काही जमतच नाही.

मेरेटे वर आली. पाणी निथळत, लालबुंद, हात बाजूला. युट्टेने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं.

“काय?” मेरेटे म्हणाली.

“काही नाही,” युट्टे म्हणाली. “तुझं पोट सुटलंय दोन महिन्यांत. चल आत, गारठशील.”

राजीनामा मेरेटेने दिला नाही. गंमत म्हणजे वार्षिक सभेत ती हरली. दोन वर्षं गैरहजर राहिलेला अध्यक्ष नको, असं काही जणींनी उघड म्हटलं, आणि चार मतांनी युट्टे निवडून आली. मेरेटे त्या संध्याकाळी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात चिडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाण्यात होती.

त्याच आठवड्यात बाफघरात दोघींचं जुंपलं. भांडण बोडिलवरून होतं.

“पाहुणी म्हणून एका मोसमात तीन वेळा,” युट्टे म्हणाली. “ही तिची तिसरी. आता सभासद व्हायचं तर यादीत नाव घालावं. पुढे दोनशे अकरा माणसं आहेत.”

“दोनशे अकरा! ती त्र्याऐंशीची होईल तोवर!”

“नियम तूच लिहिलेस.”

“मग मीच सांगते, बदल ते!” मेरेटे बाकावरून उठली, कमरेवर दोन्ही हात ठेवून युट्टेसमोर उभी राहिली आणि पुढची दहा मिनिटं कलम चार आणि कलम सात यांवर बोलत राहिली. आपल्या अंगावर काही नाही, समोर दहा जणी बसल्या आहेत, याचं तिला भान नव्हतं. कुणी तिच्या छातीकडे बघत नव्हतं. निम्म्या जणी युट्टेच्या बाजूने होत्या, निम्म्या मेरेटेच्या, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या.

वरच्या बाकावर कोपऱ्यात बसलेल्या बोडिलने सवयीने एकदा बघितलं. बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूला, तपकिरीचा किंचित हात कमी पडला होता. नुकतीच पाण्यातून आलेली एक बाई जागा शोधत होती. बोडिल थोडी सरकली आणि तिला शेजारी बसायला जागा करून दिली.